एक वार, एक वेळ, एक जागा: कट्टा बसवायचा कसा, टिकवायचा कसा

सहा ते आठ माणसं, आठवड्यातला एक ठरलेला वार, सव्वा तास, आणि घरापासून पायी दहा मिनिटांवरची जागा. एवढ्यावर नाशिकमध्ये गप्पांचा कट्टा बसतो. बसवणं सोपंच आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात तो मोडू न देणं हे खरं काम, म्हणून पुढे जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी पैशाबद्दल, कारण कट्ट्यावर हा विषय पहिल्याच दिवशी निघतो. "पैशानं सुख मिळत नाही" हे वाक्य बहुतेक वेळा पोट भरलेला माणूस बोलतो. संशोधक डॅनियल कानेमान आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये मांडलं होतं की ठराविक उत्पन्नानंतर रोजचं सुख वाढायचं थांबतं. २०२३ मध्ये त्याच कानेमान यांनी मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांच्यासोबत आकडे पुन्हा तपासले. तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत पैशाबरोबर सुख वाढतच जाताना दिसलं. जे आधीपासूनच सगळ्यात दुःखी होते, त्यांच्या बाबतीत मात्र एका पातळीनंतर पैशाचा उपयोग थांबत होता. म्हणजे घरात औषधाला पैसे नसतील तर आधी पैशाचीच सोय बघावी, तिथे कट्ट्याचा सल्ला ही चेष्टा ठरेल. हप्ते वेळेवर जातात, फ्रीज भरलेला आहे आणि तरी दिवस रिकामा वाटतो, अशांसाठी पुढचं सगळं. हार्वर्डमध्ये १९३८ पासून ७२४ माणसांच्या आयुष्याचा माग घेणारा अभ्यास चालू आहे. त्यातूनही म्हातारपणी कोण बरं राहतं हे सांगायला बँकेच्या पासबुकापेक्षा जवळच्या माणसांशी असलेलं नातं जास्त कामाचं ठरलं.

माणसं कशी निवडावीत

पहिली चूक इथेच होते: सोसायटीच्या ग्रुपवर "सर्वांना आग्रहाचं निमंत्रण" टाकलं जातं. पहिल्या दिवशी बावीस येतात, दुसऱ्या आठवड्यात नऊ, चौथ्यात दोन, आणि ते दोघे खजील होऊन घरी जातात. जाहीर निमंत्रण देऊच नये. आठ जणांना एकेकट्याला, समोरासमोर विचारावं, आणि विचारताना काम सोपवावं. "काका, मंगळवारी या ना कधीतरी" म्हटलं की काका "हो हो" म्हणतात आणि येत नाहीत. "काका, मंगळवारी साडेसहाला बसतोय आपण, तुमच्याकडची मोठी चटई घेऊन याल का?" म्हटलं की काका येतात, कारण चटई त्यांच्याकडे आहे.

आठांपैकी दोघं तरी एकमेकांना आधी ओळखणारी असावीत आणि दोघं तरी कुणालाच न ओळखणारी. एकाच कंपनीतले पाच जण घेतले तर कट्ट्यावर साहेबांच्या उखाळ्यापाखाळ्या निघतात आणि उरलेले तिघं गप्प बसतात. वयाचं मिश्रण चालतं, उलट चांगलंच. गावाहून मुलाकडे राहायला आलेले आबा आणि नुकती भाड्यानं राहायला आलेली मुलगी, या दोघांना माणसांची गरज सारखीच असते. पण दोघांपैकी कुणीही ती तोंडानं सांगत नाही.

वार आणि वेळ

नाशिकमध्ये हा भाग वाटतो तितका सरळ नाही. सातपूर-अंबडच्या अनेक कारखान्यांची सुटी शनिवारी, कार्यालयांची शनिवार-रविवार, दुकानदाराची आणखी तिसऱ्याच दिवशी. पाळीवर जाणाऱ्याची पाळी आठवड्याला फिरते, म्हणजे संध्याकाळचा कट्टा धरला तर दुसरी पाळी लागली की तो गायब. आठांत असे दोनपेक्षा जास्त असतील तर सरळ शनिवार सकाळ, सात ते सव्वाआठ धरा. नसतील तर मंगळवार किंवा गुरुवार संध्याकाळ. बुधवार टाळा, गोदाकाठच्या बाजाराला जाणारे बरेच असतात. सोमवारी कुणी सोमेश्वरला निघालेलं असतं, कुणाचा उपास सुटायचा असतो.

बायका हव्या असतील, आणि असाव्यातच, तर साडेसहाची वेळ ही त्यांना न बोलावण्याचीच एक पद्धत आहे. तेव्हा कणीक मळायची असते. मिश्र कट्ट्याला दुपारी चार किंवा जेवणानंतर नऊ या दोनच वेळा खऱ्या अर्थानं चालतात. नऊचा कट्टा पाऊण तासाचा ठेवावा, शतपावलीच्या निमित्तानं सगळे आपोआप बाहेर पडतात.

वेळ वर्षातून दोनदाच बदलायची: दिवाळीनंतर अर्धा तास अलीकडे, होळीनंतर अर्धा तास पुढे. दर आठवड्याला "या वेळी किती वाजता?" असं विचारायची पाळी आली की कट्टा सुटायला लागला असं समजावं. एकाच्या सोयीसाठी एकदा वार बदलला की पुढच्या महिन्यात तिघांची सोय बघावी लागते.

जागा

जागेला चार अटी: फुकट असावी, पावसात आडोसा असावा, जवळपास स्वच्छतागृह असावं, आणि तिथे शांतपणे बोललेलं ऐकू जावं. सोसायटीची गच्ची, देवळाचा पार, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकसारखी जागा, शाळेचा व्हरांडा (परवानगी काढून), यांतलं काहीही चालतं. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर मोकळी हवा आहे, पण पाऊस आला की पळापळ. तिथे बसणाऱ्यांनी जून ते सप्टेंबरसाठी दुसरी जागा मे महिन्यातच ठरवून ठेवावी. पावसाळ्यात "बघू, पाऊस नसला तर" यावर चालणारे कट्टे गणपतीपर्यंत संपतात. गोदाघाट सुंदर आहे, तरी सिंहस्थाच्या काळात, विशेषतः २०२७ च्या पावसाळ्यात, तिकडचं नावही काढू नका.

हॉटेल नको. तिथे बिलाचा प्रश्न येतो, वेटर दोनदा फडका मारून जातो, आणि ज्याला बाहेरचं परवडत नाही तो कारण न सांगता येणं बंद करतो. मिसळ हा नाशिककरांचा जीव आहे हे मान्य. तिच्यासाठी दोन महिन्यांतून एक रविवार राखून ठेवा.

बसायचं गोलात. लांब बाकावर ओळीनं बसलं की टोकाचा माणूस कानामागे हात धरून ऐकत बसतो. चारपेक्षा जास्त माणसं झाली की गप्पा आपोआप दोन भागांत फुटतात. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी माणसांच्या घोळक्यांवर केलेल्या निरीक्षणात हीच मर्यादा आढळली होती. त्यामुळे "एकाच वेळी सगळ्यांनी बोलू नका" असं कुणाला दटावू नये. दोन चटया अंथराव्यात आणि अर्ध्या वेळानं एका चटईवरच्या दोघांनी दुसरीवर जावं, एवढंच.

चहा, नेमकेपणानं

चहा घरून थर्मासमध्ये न्यावा, आणि पाळी लावावी. आठ कटिंगसाठी ४५० मिली पाणी, ३५० मिली दूध, सहा सपाट चमचे चहा पावडर, गवती चहाची तीन-चार पाती आणि अंगठ्याच्या पेराएवढं आलं. आलं ठेचून पाण्यातच चांगलं उकळून घ्यावं. उकळत्या दुधात कच्चं आलं टाकलं की दूध फाटण्याची भीती असते. उकळून, गाळून साधारण ६५० मिली उरतो, म्हणजे माणशी ८० मिली. थर्मास आधी कढत पाण्यानं विसळा, आणि चहा पूर्ण गाळूनच भरा. चोथा राहिला तर तासाभरात कडू होतो. साखर चहात घालायची नाही. डबीत वेगळी न्यायची. आठांत मधुमेह असलेलं एक तरी असतंच, आणि "माझ्यासाठी वेगळा नको" म्हणत ते माणूस दर वेळी चहा सोडून देतं.

सोबत काही नको. हा नियम कडक पाळा. पहिल्या आठवड्यात बिस्किटं येतात, दुसऱ्यात चिवडा, तिसऱ्यात कुणीतरी ढोकळा करून आणतं. आता ज्यांची पाळी पुढे आहे त्यांना ढोकळ्याच्या वरचं काहीतरी करावं लागणार. अशी चढाओढ लागली की दोन-तीन घरांत "पुन्हा तुमचा तो कट्टा!" सुरू होतं. नुसता चहा कुणालाच जड जात नाही.

तासांचा हिशोब

तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी म्हणणार, "मजा येत नाही हो." त्याला हा हिशोब दाखवा. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मोजून पाहिलं: ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणावा असा व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. कामावर शेजारी बसून गेलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. मोकळ्या वेळातले लागतात. आठवड्याला सव्वा तास धरला तर ५० तासांना ४० आठवडे होतात, म्हणजे एकही भेट न चुकवता सव्वानऊ महिने. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पावणेचार तास झालेले असतात. पावणेचार तासांत मजा कशी येईल?

हा वेळ कमी करायचा उपाय म्हणजे दर दोन महिन्यांनी एक आख्खा दिवस. अशा तीन सहली, प्रत्येकी आठ तास, म्हणजे २४ तास. मधल्या २० आठवड्यांचे २५. पाच-सहा महिन्यांत ५० च्या जवळ पोचता. सहल लांबची नको, आणि खर्चीक तर नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. पहाटे साडेपाचला निघा, उन्हं वर आल्यावर पक्षी कमी दिसतात. दुर्बीण दोघांत एक पुरते, आणि ती मागता-देताना बोलणंही होतं. पेठ रोडचा रामशेज हिवाळ्यात सकाळी चढायला बरा. गुडघे धरलेल्यांसाठी पांडवलेणी, सावकाश, मधे थांबत. अंजनेरी पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी नको, गर्दीत निम्मा वेळ जातो. मधल्या वाराला जमत असेल तर बघा.

सहलीपेक्षाही लवकर माणसं जवळ येतात ती हाताच्या कामानं. समोरासमोर बसून "बोला आता" म्हटलं की अवघडायला होतं. मटार सोलताना तेच माणूस आपलं दुखणं सांगून मोकळं होतं, कारण नजर शेंगेकडे असते. म्हणून उन्हाळ्यात एकदा कुरडयांचा घाट घाला. दोन किलो गहू तीन रात्री भिजवायचे, रोज पाणी बदलायचं (विसरलात तर आंबूस वास मारतो), चौथ्या दिवशी वाटून चीक गाळून रात्रभर खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. सकाळी लवकर चीक शिजवायला घ्यायचा. आठ ते दहाच्या उन्हात गच्चीवर कुरडया घालून झाल्या पाहिजेत. चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही. एकानं ढवळायचं, एकानं पीठ सैल पडू नये म्हणून बघायचं, दोघांनी सोऱ्या दाबायचा, बाकीच्यांनी प्लास्टिक अंथरायचं आणि गरम चिकाची चव घ्यायची. एकट्या बाईला हे काम म्हणजे शिक्षा असते. सहा जणांत तेच सणासारखं होतं, आणि पुरुषांना सोऱ्या दाबायला लावला की त्यांनाही कळतं आई वर्षानुवर्षं काय करत होती.

मोडतो कशानं

बोलण्याचे विषय हे पहिलं कारण. राजकारणाचं भांडण होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून लोक ते सांभाळतात. जास्त घातक विषय म्हणजे गंगापूर रोडच्या फ्लॅटचा भाव आणि कुणाच्या मुलाला पुण्यात किती पॅकेज मिळालं. भांडण होत नाही, कुणी आवाज चढवत नाही, पण घरी जाताना तिघांना आपलं काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की देशाचं उत्पन्न वाढत गेलं तरी लोकांचं सुख त्या मापानं वाढलेलं दिसत नाही. त्याचं एक कारण त्यांनी हेच दिलं: माणूस आपलं ताट शेजाऱ्याच्या ताटाशी ताडून बघतो. विषय तिकडे वळला की कट्टा सांभाळणाऱ्यानं चहा ओतायला घ्यावा, आणि हातात कप देताना दुसऱ्या कुणाला तरी प्रश्न विचारावा. भाषण देऊ नये.

एकटाच बोलणारा माणूस प्रत्येक कट्ट्यावर असतो. त्याला काढू नका, त्याला हजेरी आणि फोनाफोनीचं काम द्या. बोलण्याची हौस सत्कारणी लागते.

व्हॉट्सअॅप ग्रुप असावा, पण त्यावर आठवड्याला दोनच निरोप: आदल्या दिवशी "उद्या आहे", आणि सहलीचा असेल तर तो. सकाळची फुलं, सुविचार, बातम्या सुरू झाल्या की भेटल्यासारखं वाटायला लागतं आणि भेटायचं राहून जातं. फोन कट्ट्यावर पिशवीत. घरात आजारी माणूस असेल किंवा कामाचा फोन येणार असेल त्यानं आधी सांगून खिशात ठेवावा.

विमा, प्लॉट, साखळी योजना, उसनवारी यांना बंदी. भिशीही पहिल्या वर्षी नको. हप्ता थकला की माणूस पैशाच्या लाजेनं कट्टाही चुकवतो.

सलग दोन वेळा न आलेल्याला तिसऱ्याच्या आत फोन करायचा. निरोप टाकून भागवायचं नाही. "का नाही आलात?" असं विचारलं की तो जाब होतो. "काकू, दोन मंगळवार दिसला नाहीत, तब्येत बरी ना? तुमची चटई माझ्याकडे आहे, आणून देऊ का?" असं विचारावं. द्राक्षाची बाग असलेला माणूस ऑक्टोबरच्या छाटणीत आणि एप्रिलच्या खरड छाटणीत दिसत नाही. त्याची गैरहजेरी लावू नका, शक्य असेल तर एक भेट त्याच्या बागेत ठेवा.

आणि एक गोष्ट नीट ओळखायची. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जेवणावर वासना नाही, कशातच मन नाही, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला जातोय, तर ते काम कट्ट्याचं नाही. डॉक्टरांकडे न्या, सोबत जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. कट्ट्यानं फक्त त्याची जागा राखून ठेवायची.

देण्याचा भाग

सहा महिन्यांनंतर कट्ट्यानं बाहेर काहीतरी द्यायला लागावं; त्याआधी नको, तोवर माणसंच जुळलेली नसतात. एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ मध्ये लोकांना थोडे पैसे देऊन पाहिले: ज्यांनी ते दुसऱ्यावर खर्च केले ते स्वतःवर खर्च करणाऱ्यांपेक्षा संध्याकाळी जास्त खुशीत होते, आणि रक्कम पाचची की वीस डॉलरची यानं फरक पडला नाही. त्यामुळे माणशी महिना ५० रुपये पुरेत. आठ जणांचे वर्षाला ४,८०० होतात. दिलेलं कुठे पोचलं हे डोळ्यांना दिसलं पाहिजे, एवढी एकच अट. पावती देऊन विसरून जायच्या देणगीत हा आनंद फारसा मिळत नाही. वेळ देणं त्याहून चांगलं. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतात. लेखनिकाच्या शिक्षणाविषयी परीक्षा मंडळाचे नियम असतात, ते आधी विचारून घ्यावेत, आणि एकदा हो म्हटलं की ऐन पेपरच्या सकाळी पाहुणे आले हे कारण चालत नाही.

पैसा साठू लागला की वाद होतो, म्हणून तो वर्षाच्या आत संपवावा. साठवायचाच असेल तर पांडवलेण्यातली पद्धत बघा. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यानं भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले, २,००० दरमहा शेकडा एक दरानं आणि १,००० पाऊण दरानं, आणि लिहून ठेवलं की मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. कुणाचे किती, दर काय, कशासाठी, सगळं दगडावर. आपल्याला वहीचं एक पान पुरे, पण तेवढंच स्पष्ट हवं, आणि वही दर तीन महिन्यांनी दुसऱ्याकडे जायला हवी.

उरलेले सहा दिवस

याबद्दल थोडक्यात. सिटीलिंकच्या बसमध्ये शेजारच्याशी, भाजीवाल्या मावशींशी, वॉचमन दादांशी दोन वाक्यं बोला. अशा जुजबी ओळखीही दिवस हलका करतात. आणि झोपताना "आज काय बरं झालं" हे लिहायची सवय लावायची असेल तर आठवड्यातून एकदाच लिहा. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. तीनदा लिहिताना ते काम होऊन बसतं.

बारा झाले तर

चांगला चाललेला कट्टा वाढतो. पाहुणे येतात, राहतात, आणि एके दिवशी बारा माणसं होतात. आता दोन चटयांवरही भागत नाही, गप्प बसणारे पुन्हा गप्प होतात. अशा वेळी "नवे" आणि "जुने" अशी फाळणी कधीही करू नये, नव्यांचा कट्टा महिन्यात बंद पडतो. जुन्यांतले तिघं आणि नव्यांतले तिघं मिळून दुसरा वार धरावा, जागा तीच ठेवावी, आणि सहल दोघांची एकत्र. थर्मास दुसरा घ्यावा लागेल, एक लिटरचा. वही मात्र दोघांच्या वेगळ्या.